हिमबिबट्या : ऐकीव आणि खरं

जुन्नरच्या उसातला बिबट्या बातम्यांमुळे आपल्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. त्यामुळे हिमबिबट्या म्हणजे बर्फात राहून पांढुरका झालेला आपलाच बिबट्या, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ही वेगळी प्रजाती आहे. जनुकं तपासली, तर तिचं जवळचं नातं बिबट्यापेक्षा वाघाशी निघतं. मात्र हिमबिबट्याला वाघासारखी डरकाळी फोडता येत नाही. माणसावर तो धावून जातो, हेही बिबट्यावरून बांधलेलं अनुमान. त्याने माणसावर हल्ला केल्याच्या नोंदी अगदी विरळ आहेत.

तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर राहणाऱ्या जनावराला कोण त्रास देणार, हा समज जास्त घातक. तिथे माणसं शेकडो वर्षं राहत आली आहेत. लडाख-स्पितीत ज्या कुरणांवर भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) चरतात, तिथेच गावाच्या शेळ्यामेंढ्या आणि याकही चरतात. गुरं वाढली की भरलला चारा पुरत नाही, भरल घटले की हिमबिबट्या गावाकडे वळतो. मेंढवाड्याला दगडी भिंत असते, वर बहुधा काहीच नसतं. आत उडी पडली की मेंढरं बिथरून सैरावैरा धावतात, आणि तो खाण्यापुरती एक मारून थांबत नाही. एका रात्रीत घराची वर्षाची कमाई आडवी होते. त्या संतापात हिमबिबट्या मारला जातो. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेच्या २०१६च्या अहवालानुसार, जगात मारल्या जाणाऱ्या हिमबिबट्यांपैकी निम्म्याहून अधिक या सुडाचे बळी असतात. कातड्याचा व्यापार त्यानंतर येतो.

म्हणून इथे नुसती अभयारण्यं पुरत नाहीत. वाड्यावर तारेची जाळी आणि भक्कम दार, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. स्पितीतल्या किब्बर गावाने कुरणाचा एक भाग गुरांसाठी बंद केला, तिथे भरल वाढले. जनावरांचा विमाही गावकऱ्यांनीच चालवला. लडाखमध्ये हिमबिबट्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घरी उतरवून मिळणाऱ्या पैशामुळे तोच हिमबिबट्या उपयोगाचा वाटू लागला.

‘हिमबिबट्या वाचला तर नद्या वाचतील’ हे वाक्य मात्र मला फुगवलेलं वाटतं. हिमनद्या त्याच्यामुळे टिकत नाहीत. त्याला भरल लागतात, भरलला चांगलं कुरण लागतं, आणि तेच कुरण मेंढपाळालाही हवं असतं. त्याला वाचवायला एवढं कारण पुरेसं आहे.

आकड्यांचंही तसंच. २०१७मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ वर्गात आणलं, तेव्हा संख्या वाढल्याचा बोभाटा झाला. बदल झाला तो अंदाज आणि निकष नव्याने तपासल्यामुळे. भारतातली पहिली पद्धतशीर गणना २०२४च्या जानेवारीत जाहीर झाली : ७१८, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. पहिलीच गणना असल्याने वाढ की घट, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

आणि फाडलेली प्रत्येक मेंढी हिमबिबट्याचीच शिकार नसते. वरच्या स्पितीतल्या एका अभ्यासात मेलेल्या पाळीव जनावरांपैकी निम्म्याहून अधिक भटक्या कुत्र्यांनी मारलेली आढळली. गावं, छावण्या आणि हॉटेलांच्या खरकट्यावर ही कुत्री पोसली जातात, आणि त्या खरकट्यात पर्यटकांचाही वाटा आहे.