फाइलमधला ‘ठ’ कुठे जातो?

घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या हाउसिंग सोसायटीत सभासदांची यादी नव्याने करायची ठरते. जुनी यादी पेन ड्राइव्हवर सापडते, स्टेशनजवळच्या डीटीपीच्या दुकानात नेली जाते. फाइल उघडते, पण पडद्यावर एकही मराठी अक्षर नसते. ‘करप्ट झालीय,’ असे उत्तर मिळते आणि सगळी नावे पुन्हा टाइप होतात. बऱ्याचदा ती फाइल बिघडलेलीच नसते, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचलेली असते. खरा बिघाड होतो तो नंतर, कुणीतरी ‘सेव्ह’ दाबल्यावर.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग. १९९१ साली युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला हक्काची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी यूटीएफ-८ ही मांडणी तयार केली. आज मोबाइलवर, वेबसाइटवर दिसणारे मराठी बहुतेक याच मांडणीत असते. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट.

हेच पंधरा बाइट विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय मांडणीने वाचले, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र चिन्ह होऊन बसतो. आधी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मग चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले छोटे वर्तुळ, ही जोडी म, र, काना आणि ठ या चौघांच्याही आधी येते. तिसरा बाइट मात्र वेगळा. ‘म’च्या जागी नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण येते, ‘र’च्या जागी तापमानाच्या अंशाची, काना होतो पाऊण, तर वेलांटीच्या वाट्याला जपानी येन आणि युरो येतात. सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही ओळखखूण नसेल आणि ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली, की हाच गोंधळ समोर येतो. ऑफिसात काम करणाऱ्या अनेकांना तो पाहून पाठ झाला आहे.

इथपर्यंत काहीही हरवलेले नाही. योग्य मांडणी निवडून फाइल पुन्हा उघडली की मराठी जशीच्या तशी परत येते. धोका आहे तो ‘ठ’ला. त्याचा तिसरा बाइट या पश्चिमी मांडणीत ‘न तुटणारी मोकळी जागा’ होतो, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. एखाद्या टेक्स्ट एडिटरने किंवा माणसाने नीटनेटकेपणा म्हणून अशा जागांच्या ठिकाणी साधी स्पेस घातली, की तो बाइट कायमचा बदलतो. मग कितीही उलट रूपांतर केले तरी बाकीची अक्षरे येतात आणि ठाकूर, ठोंबरे, कोठारी, विठ्ठल यांच्या नावांत भगदाड पडलेले राहते.

बाइट मोडण्याची दुसरी वाट याहून साधी आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये पत्त्याच्या रकान्याला बाइटची मर्यादा असते. इंग्रजी पत्ता तिथे कापला गेला तर अक्षर तरी पूर्ण राहते. मराठी पत्ता मात्र तीन बाइटांच्या अधेमधे कापला जाऊ शकतो आणि शेवटच्या अक्षराचा एक किंवा दोन बाइटांचा तुकडा मागे उरतो. तो तुकडा यूटीएफ-८च्या नियमात बसत नाही, म्हणजे अवैध ठरतो. सुदैवाने ही मांडणीच अशी आहे की अक्षराचा पहिला बाइट कोणता हे त्याच्या रूपावरूनच कळते. त्यामुळे नुकसान त्या एका अक्षरापुरते राहते, पुढचे अक्षर ठीक वाचता येते. एका मोडक्या अक्षरासाठी हजार ओळींची फाइल उघडायलाच नकार देणारा एडिटर म्हणूनच माफ करण्यासारखा नाही.

अशा वेळी एडिटरने काय करावे? काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह अनेकांनी पाहिले असेल. ‘इथे काहीतरी होते, पण कळले नाही’ असे सांगणारे हे युनिकोडचे अधिकृत चिन्ह आहे. पडद्यावर ते दाखवणे अगदी रास्त. पण काही एडिटर सेव्ह करताना मूळ बाइट टाकून देतात आणि फाइलमध्ये हे चिन्हच लिहितात. वापरणाऱ्याने बदललेला असतो एखादा फोन नंबर, आणि त्याच्या नकळत भलतीकडची नावे पुसली जातात.

लिनक्सवरचा केट हा एडिटर अशी फाइल फक्त वाचण्यापुरती उघडतो, कारण सेव्ह केल्यास मजकूर नष्ट होऊ शकतो. सुरक्षित आहे, पण काम अडते. ईमॅक्स या एडिटरची रीत अधिक चांगली. न कळलेला बाइट तो आकड्याच्या रूपात दाखवतो, बाकी मजकुरावर काम करू देतो आणि सेव्ह करताना तो बाइट होता तसाच परत लिहितो. पायथन भाषेतही २००९ पासून अशीच सोय आहे. पाहुण्याचे सामान उघडून न बघता ते जसेच्या तसे परत द्यावे, तसे हे वागणे आहे, आणि प्रत्येक एडिटरकडून निदान एवढी अपेक्षा हवी.

सूचना कशी द्यावी, यालाही महत्त्व आहे. विंडोजचे जुने नोटपॅड मराठी मजकूर ‘एएनएसआय’ या जुन्या मांडणीत सेव्ह करताना इशारा द्यायचे, पण तो इंग्रजीत आणि अशा भाषेत, की घाईतला माणूस ‘ओके’ दाबून मोकळा व्हायचा. पुढच्या वेळी फाइलमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! त्या रांगेतून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही. २०१९ मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटनंतर नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८ निवडू लागले. मराठीसाठी ही फार मोठी सुधारणा होती.

अंदाज बांधूनही भागत नाही. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ हे वाक्य इंग्रजीत लिहून, सेव्ह करून पुन्हा उघडले, की चिनी लिपीसारखी अक्षरे दिसायची. प्रोग्रॅमने मांडणी ओळखण्यात चूक केली होती. म्हणून एडिटरने अंदाज जरूर करावा, पण तो खिडकीच्या कडेला लिहून दाखवावा आणि एका क्लिकमध्ये बदलू द्यावा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खालच्या पट्टीवर मांडणीचे नाव दिसते. त्यावर क्लिक केले की फाइल दुसऱ्या मांडणीत पुन्हा उघडता येते.

मराठीचा एक प्रश्न मात्र या सगळ्याच्या पलीकडचा आहे. युनिकोड रुळण्याआधी उपनगरांतल्या डीटीपी दुकानांत कृतिदेव, श्रीलिपी, आकृती या फॉन्टांची सद्दी होती. इस्की नावाचे एन्कोडिंगचे भारतीय मानक १९९१ मध्ये आले होते, तरी व्यवहारात फॉन्टचेच राज्य चालले. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिले की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी चेहरा देतो. हे बाइट अवैध नाहीत, उलट अस्सल इंग्रजी आहेत, त्यामुळे एडिटरला शंका येण्याचे कारणच नसते.

जुहूच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेत काम करताना सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घडवला आणि विंडोजवर देवनागरी सहज वाचता येऊ लागली. पण त्याआधीच्या दिवाळी अंकांची जुळणी, मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांची इतिवृत्ते आजही जुन्या फॉन्टांतच पडून आहेत. ती वाचवायची तर आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि मगच कन्व्हर्टर चालवावा. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. कन्व्हर्टर चुकतो तो बहुधा इथेच, त्यामुळे रूपांतर झाल्यावर शिर्के, कुलकर्णी, मिर्लेकर अशी नावे आधी तपासून घ्यावीत.