जीव न घेता पोट भरणारे

आपल्याकडच्या वटवाघळांवर रक्त पिण्याचा आळ उगाचच येतो. फक्त रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या. त्यातली सर्वांत परिचित ती कॉमन व्हॅम्पायर बॅट. तिच्या तोडीचा प्राणी शोधायला समुद्रात उतरावं लागतं. कुकीकटर शार्क ही उष्ण महासागरांतली जेमतेम हातभर मुशी. दोघंही अंधारात येतात, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जनावराचा लचका किंवा घोट घेतात आणि त्याला जिवंत सोडून निघून जातात.

मुशीचं काम क्षणाचं. दिवसा ती खोल पाण्यात असते, रात्री वर येते. ओठांनी देवमाशाच्या अंगाला चिकटायचं, खालच्या करवतीसारख्या दातांची पंगत रुतवायची आणि गर्रकन अंग फिरवायचं! सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा गोल तुकडा निघून येतो. दात झिजले की अख्खी पंगत एकदमच पडते आणि ती तेही गिळते. ट्यूना, डॉल्फिनच काय, ग्रेट व्हाइट शार्कच्या अंगावरही हे गोल व्रण दिसतात. ते कोणाचे, याचा उलगडा १९७१मध्ये झाला. त्याच दशकात तिने अमेरिकी पाणबुड्यांच्या सोनारवरची रबरी आवरणंही कुरतडली. आतलं तेल गळू लागल्याने काही पाणबुड्यांना दुरुस्तीसाठी तळावर परतावं लागलं.

वटवाघळाला असली दांडगाई परवडणारी नाही. झोपलेल्या गाईशेजारी ते जमिनीवर उतरतं आणि चक्क चालत जातं. कातडीखाली रक्त कुठे जवळ आहे, हे नाकावरच्या उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांमुळे कळतं. छोटासा छेद घ्यायचा आणि चाटत राहायचं. रक्त गोठू न देण्याची सोय लाळेतच असते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं रक्त पोटात गेल्यावर उडणार कसं? म्हणून पिता पिताच लघवी सुरू.

दोन-तीन रात्री उपास घडला तर ते मरतं. अशा वेळी ओळखीचं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून त्याला पाजतं. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात ही देवघेव अभ्यासली आणि १९८४मध्ये मांडली. मुशीच्या बाबतीत असं काही कोणी पाहिलेलं नाही.

छेदाने गाय मरत नाही, पण त्यातून शिरलेल्या रेबीजने मरते. म्हणून लॅटिन अमेरिकेत काही वटवाघळं पकडून त्यांच्या पाठीवर रक्त पातळ करणारं मलम फासतात आणि त्यांना सोडून देतात. घरी परतल्यावर सोबती त्यांचं अंग चाटून साफ करतात आणि अंतर्गत रक्तस्रावाने मरतात.