धागा कोणता?

वेरूळकडे जाणारा रस्ता दौलताबादच्या तटाच्या दरवाजातून पुढे जातो. प्रवाशांची नजर देवगिरीच्या उभ्या कड्यावर खिळलेली असते. गावातील लहान दुकानांकडे सहसा कोणी पाहत नाही. दोरे, बटणे, लेस आणि क्रोशाच्या सुया विकणारे असे एखादे दुकान म्हणजे गावोगावच्या स्त्रियांची दुपारची बैठकच. स्वयंपाकघर आवरले, की कोणी अर्धवट भरलेला रुमाल घेऊन येते, कोणी केवळ निळ्या दोऱ्याची जुळणी शोधत येते, आणि पाहता पाहता सतरंजीवर चार जणी टेकतात. तेथे ना फी असते, ना हजेरीपट. एकीचा साखळी टाका सैल पडला, तर दुसरी न बोलता तिच्या हातातील रिंग घेते आणि दोन टाके घालून दाखवते.

जैन घरांतील सुईकामाला अशा बैठकींचा मोठा आधार राहिला आहे. पाटामागे लावावयाचा पूंठिया, वर बांधावयाचा चंदरवा, उजमण्याचा छोड हे एकटीने पुरे होणारे काम नव्हे. मूर्तिपूजक परंपरेत मुहपत्तीचे माप एक वीत आणि चार अंगुले. रजोहरणाचे 32 अंगुले, त्यांपैकी 24 दांडीची आणि 8 दशांची. ही मापे पुस्तकापेक्षा जाणत्या बाईच्या बोटांवरूनच नवशिकीला लवकर समजतात.

मापासोबत आणखी एक प्रश्न शिकविला जातो : धागा कोणता?

या परिसरात तो विशेष अर्थपूर्ण आहे. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली. त्या स्थलांतराबरोबर आलेल्या विणकरांशी येथील हिमरूची परंपरा जोडली जाते. हिमरूत उभा धागा सुती आणि आडवा रेशमी. पलीकडे पैठणची पैठणी तर रेशमाचीच. या सौंदर्याची किंमत मात्र अबोल जीव मोजतो. कोषातून पतंग बाहेर पडला, तर धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा उष्णतेत ठेवून आतील जीव मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमासाठी असे सुमारे 5 हजार कोष लागतात. अहिंसेचे चिन्ह असलेल्या वस्त्रावर हा धागा चालावा का, हा प्रश्न साधा नाही.

येथे दुकानातील माहिती उपयोगी पडते. भरतकामासाठी ‘सिल्क’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ चकचकीत लड्या वस्तुतः लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम रेशमाच्या असतात. त्यांत कीटकाचा संबंध नसतो. उलट, निर्धास्तपणे वापरल्या जाणाऱ्या अस्सल जरीच्या पोटात परंपरेने रेशमाचा धागा असतो, हे अनेकींना ठाऊक नसते. धाग्याचे टोक जाळले, तर खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. सूत आणि कृत्रिम रेशीम कागदासारखे जळतात. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ज्यांना तेवढाही अग्निकायाचा आरंभ नको, त्यांनी वेष्टनावरील मजकूर वाचावा. 2004 पासून शुद्ध रेशमावर मिळणारी ‘सिल्क मार्क’ची खूण रेशीम घेणाऱ्यांसाठी असली, तरी टाळणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी आहे. रेशीमच हवे असेल, तर पतंग उडून गेल्यानंतरच्या कोषांपासून केलेले अहिंसा रेशीम हाही एक मार्ग आहे. आणि सहा पदरांची सुती लडी तर कोणत्याही दुकानात मिळते. तिचे दोन पदर सोडवून घेतले, की बारीक पाकळीही सुबक भरता येते.

आता छोड, तोरणे, बटवे तयार मिळतात. वेळ वाचतो, यंत्राचा टाकाही एकसारखा येतो. परंतु तयार वस्तूची किंमत आणि रंग विचारला जातो, धागा क्वचितच. सुईत ओवण्यासाठी जो धागा हाती घ्यावा लागतो, त्याच्याविषयी मात्र मनात प्रश्न उठतो, आणि चार जणी सोबत असल्या की त्याचे उत्तरही शोधले जाते.

दौलताबादहून थोड्याच अंतरावर वेरूळची 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी आहेत. त्यांतील इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर छताला भव्य कमळ कोरलेले आहे. चंदरव्याच्या मध्यभागी भरण्यास याहून सुरेख नमुना कोणता? येत्या उजमण्यासाठी एखाद्या घरी तो कागदावर उतरवला गेला, तर लड्या निवडताना सुनेने किंवा नातीने दुकानदाराला प्रथम रंग विचारू नये; धागा विचारावा.