फॉरमॅट करण्यापूर्वी

महिन्याची १८ तारीख. पेढी उघडली, दिवाबत्ती झाली आणि संगणकाचे बटण दाबले, तर पडदा काळाच. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर आलेली. कराचे संकेतस्थळ, बँकेचे खाते, पुरवठादारांची दरपत्रके या साऱ्यांच्या खुणा व पासवर्ड त्या एकाच ब्राउझरमध्ये. दुरुस्तीला आलेला तरुण सहज म्हणतो, "शेठजी, फॉरमॅट करावा लागेल." शेठजी मान डोलावतात. संगणक बंद पडल्याने झाले नसते तेवढे नुकसान या एका होकाराने होऊ शकते.

संगणक बिघडणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानाचे शटर अडकले म्हणून तिजोरी रिकामी होत नाही. दोष अनेकदा वीजपुरवठ्याच्या भागात, मदरबोर्डमध्ये किंवा विंडोजमध्ये असतो. माहिती साठवणारी डिस्क शाबूत असते. ती काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आढळते.

क्रोमची माहिती सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात खात्याचे नाव, पुढे अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, क्रोम आणि शेवटी यूजर डेटा या क्रमाने ठेवलेली असते. अ‍ॅपडेटा हे फोल्डर लपलेले असते, म्हणून 'हिडन आयटम्स' हा पर्याय निवडावा. आतील 'बुकमार्क्स' या फाइलमध्ये जतन केलेल्या खुणा असतात आणि शेजारी बहुधा तिचीच एक जुनी प्रतही असते. संगणक पुन्हा सुरू झाला, पण खुणा नाहीशा झाल्या, तर ब्राउझर तत्काळ बंद करावा आणि प्रथम ही प्रत दुसरीकडे उतरवून घ्यावी. ब्राउझर वापरत राहिल्यास तिच्यावर नवी, रिकामी प्रत लिहिली जाण्याचा संभव असतो. फायरफॉक्स तर खुणांच्या अनेक दिवसांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये राखतो.

पासवर्डचा प्रश्न मात्र निराळा आहे. बँकेचा लॉकर जसा दोन किल्ल्यांनी उघडतो, तसेच येथेही आहे. क्रोमची पासवर्डची फाइल नव्या संगणकावर नेली, तरी तिची दुसरी किल्ली जुन्या विंडोजच्या खात्यातच राहते. त्यामुळे शक्य तेथे जुनी विंडोज दुरुस्त करून तीच सुरू करणे हिताचे. फायरफॉक्समध्ये कुलूप आणि किल्ली या दोन्ही फाइली एकाच प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. म्हणून ते फोल्डर संपूर्ण उचलावे. गूगल खात्याशी सिंक चालू असेल, तर नव्या संगणकावर त्याच खात्याने प्रवेश करताच खुणा आणि पासवर्ड परत येतात.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर ती वारंवार चालू करून पाहू नये. माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकारांकडेच सोपवावी. पुसलेली फाइल शोधायची असेल, तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. एसएसडीवर पुसलेली माहिती परत मिळणे फार कठीण असते. तेथे आगाऊ घेतलेली प्रत हाच भरवसा.

ही प्रत घेणे अवघड नाही. महिन्यातून एकदा, विवरणपत्र भरून झाल्यावर, बुकमार्क मॅनेजरमधून खुणांची फाइल निर्यात करावी आणि ती पेनड्राइव्हवर उतरवून पेढीबाहेर, घरी ठेवावी. पासवर्डची फाइल मात्र तशी उघडी ठेवू नये, कारण निर्यात केल्यावर ती कोणालाही वाचता येते. बँकेचा पासवर्ड तर ब्राउझरमध्ये साठवूच नये.

आणखी एक गोष्ट आजच तपासावी. सारे पासवर्ड गेले, तरी जीएसटीचा पासवर्ड नोंदणीकृत मोबाइल व ईमेलवरील ओटीपीने नव्याने ठरवता येतो. परंतु तेथे नोंदलेला क्रमांक पूर्वीच्या मुनीमजींचा किंवा दिवंगत वडिलांचा असेल, तर तो ओटीपी कोणाच्या हाती पडणार? संगणक नवा घेता येतो. बंद झालेल्या क्रमांकावरचा ओटीपी ऐन २० तारखेला मिळवता येत नाही.