पानशृंग : शब्द, वस्तू आणि प्रतिकृती

डेन्मार्कमधील दक्षिण जटलंड प्रांतात गालेहुस नावाचे एक खेडे आहे. तेथे इ. स. १६३९ मध्ये एका तरुणीस सोन्याचे एक शिंग सापडले. पुढे १७३४ मध्ये, पहिल्या जागेपासून थोड्याच अंतरावर, एका शेतकऱ्यास दुसरे मिळाले. दोन्हींचे मिळून वजन सहा किलोग्रॅमहून अधिक होते आणि त्यांचा काळ पाचव्या शतकाचा आरंभ मानला जातो. दुसऱ्या शिंगाच्या काठावर रूण लिपीत एकच वाक्य कोरलेले होते. 'हे शिंग मी घडविले' असे सांगून कारागिराने आपले नाव त्यात नोंदविले आहे.

जर्मानिक भाषांच्या अभ्यासकांना या वाक्याचे मोल मोठे वाटते. त्यातील कर्मपद 'होर्न' हे अकारान्त आहे. गॉथिक आणि प्राचीन नॉर्स भाषांत हा अन्त्य स्वर गळून पडला. येथे तो शाबूत आहे. लॅटिन 'कोर्नू' आणि संस्कृत 'शृंग' हे याच कुळातील शब्द होत. मूळच्या तालव्य ककाराचा संस्कृतात शकार झाला, जर्मानिक शाखेत हकार झाला. क्रियापद 'तविदो' वाक्याच्या शेवटी येते, हे पाहून मराठी वाचकास घरच्यासारखे वाटेल. परंतु त्यावरून त्या भाषेच्या पदक्रमाचा नियम काढणे धाडसाचे ठरेल. वाक्यातील तीन प्रमुख पदे हकारानेच सुरू होतात. तेव्हा ही रचना अनुप्रासबद्ध आहे, आणि छंदासाठी पदे मागेपुढे होतातच.

हे सारे आता केवळ चित्रांच्या आधाराने सांगावे लागते. १८०२ मध्ये नील्स हायडेनराइख नावाच्या सोनाराने कोपनहेगनच्या राजसंग्रहातून दोन्ही शिंगे चोरून वितळविली. हिंदुस्थानी देवमूर्तीचे ठसे असलेली 'पॅगोडा' नाणी, म्हणजे आपल्याकडील होनाच्या जातीची, त्याने बनावट तयार केली आणि हिणकस सोन्याची ती नाणी खपवू पाहिली. संशय त्यामुळेच बळावला. १८०३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, पण तोवर शिंगे उरली नव्हती. आज संग्रहालयांत दिसतात त्या जुन्या रेखाचित्रांवरून केलेल्या प्रतिकृती. येलिंग येथील संग्रहालयातून २००७ मध्ये त्याही चोरीस गेल्या. मात्र लवकरच परत मिळाल्या.

ही शिंगे पिण्याची होती की फुंकण्याची, हा वाद जुना आहे. कोरीव लेख तो सोडवीत नाही, कारण जर्मानिक भाषांत 'होर्न' हा एकच शब्द प्राण्याचे शिंग, वाद्य आणि पानपात्र या तिन्ही अर्थी चालतो. मराठीत शिंग डोक्यावर असते आणि फुंकलेही जाते. पिण्याचा अर्थ मात्र त्याला चिकटला नाही. संस्कृतात 'शृंग' द्रवाजवळ पोहोचले ते निराळ्या वाटेने : 'रघुवंशा'च्या १६ व्या सर्गातील जलक्रीडेत सोन्याची शृंगे ही पिचकाऱ्या आहेत. ग्रीकांनी हा घोटाळा शब्दानेच टाळला. टोकाशी छिद्र असून ज्यातून धार सुटते ते 'ऱ्हितोन', वाहणे या अर्थाच्या धातूपासून झालेले; साधे शिंग ते 'केरास'. गालेहुसचे पहिले शिंग डेन्मार्कच्या युवराजास मिळाले, तेव्हा त्याने निमुळत्या टोकास बूच बसवून त्यातून मद्य प्यायला सुरुवात केली. त्याच्यापुरता वाद मिटला. पुरावा मात्र तेवढा बदलला.

पानशृंगाचा निःसंशय पुरावा अन्यत्र आहे. जर्मानिक लोक रानबैलांच्या शिंगांना काठाशी चांदी मढवून ती मेजवान्यांत वापरतात, असे सीझरने लिहिले आहे. जर्मनीतील होखडॉर्फ येथे, इ. स. पू. सहाव्या शतकातील केल्टिक सरदाराच्या दफनात, नऊ शिंगे होती. त्यांतील लोखंडी शिंगात साडेपाच लिटर पेय मावे. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये उघडलेल्या नौकादफनात शिंगे कुजून गेली होती, चांदीची मढवणी तेवढी राहिली. आज ब्रिटिश म्युझियममध्ये ती नव्याने घडविलेल्या शिंगांवर बसविलेली आहे.

व्हायकिंग काळाचे पुनर्दर्शन घडविणाऱ्या युरोपातील मंडळींच्या हाती शिंग हमखास असते. शिंगे असलेले शिरस्त्राण ही एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीची देणगी. पानशृंग तसे नाही, त्याला उत्खननाचा आधार आहे. तथापि हे लोक ते दिवसभर पेल्यासारखे वापरतात, तेथे गफलत होते. शिंग हे मेजवानीचे, मानाचे पात्र. रोजच्या वापरास लाकडी भांडी असत. उलट, हाताळणीतून त्यांनी जे शिकून घेतले आहे ते ग्रंथांत सहसा सापडत नाही. टोक वर धरून पिऊ लागल्यास आत अडकलेली हवा एकदम सुटते आणि पेय तोंडावर उसळते. म्हणून टोक बाजूस वळवावे लागते. आतून मधमाश्यांचे मेण लावलेल्या शिंगात गरम पेय ओतता येत नाही. भरलेले शिंग खाली ठेवता येत नाही, ते रिकामे करावे लागते किंवा शेजाऱ्याच्या हाती द्यावे लागते. मेजवानीत पात्र हातोहात फिरविण्याच्या प्रथेशी ही अडचण चांगली जुळते. आकारमानाचा प्रयोग मात्र त्यांना पुरता साधत नाही. शेवटचा रानबैल १६२७ मध्ये पोलंडमधील याक्तोरूवच्या अरण्यात मेला, आणि पाळीव बैलाचे शिंग सहसा त्याच्या मापाचे भरत नाही.