जेट स्कीवर उभं राहून पाण्यात बुडी मारायची आहे? आधी थ्रॉटल समजून घ्या!

रविवारी सकाळी डोसे तव्यावर होते आणि माझा १७ वर्षांचा धाकटा भाऊ मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात घुसला. ‘‘ताई, हे बघ!’’ रीलमध्ये एकजण उभ्याने जेट स्की चालवत होता. मध्येच त्याने हँडल खाली दाबलं आणि माणूस, मशीन सगळं पाण्यात गडप! दोन सेकंद पाण्यावर फक्त बुडबुडे. मग थोडं पुढे तो कारंज्यासारखा उसळून बाहेर आला, हात तसेच हँडलवर.

‘‘मला हे शिकायचंय.’’

आईने उलथनं खाली न ठेवताच विचारलं, ‘‘आधी तळ्यात पोहता येतं का तुला?’’

नाही येत. त्याने शिकलंय ते चार फूट पाण्यात, पायाखाली फरशी असताना. तरीही घरातला वाद मिटावा म्हणून मी त्याला वरुणा तलावावर घेऊन गेले. म्हैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलं की हा तलाव येतो. इथे तलावाला ‘केरे’ म्हणतात. आजूबाजूला शेतं, मधे मोठं शांत पाणी आणि त्यावर कयाक, बोटी, जेट स्की.

तिथे पहिला भ्रमनिरास झाला. मिळाली ती बसायची जेट स्की, गोव्यात आणि मालवणात असते तशी. आपण पुढे, चालवणारा दादा मागे. रीलमधली मशीन वेगळीच असते. तिला सीट नसते. मागच्या खोलगट भागात उभं राहायचं आणि पुढून येणारा, वरखाली होणारा दांडा धरायचा. त्याच दांड्याच्या टोकाला हँडल.

गंमत म्हणजे जेट स्की हे नाव मुळात या उभ्या मशीनचंच. अमेरिकेतला मोटरसायकल रेसर क्लेटन जेकबसन याला १९६०च्या दशकात पाण्यावर चालणारी मोटरसायकल हवी होती. त्याच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७३ मध्ये उभ्याने चालवायची मशीन बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘जेट स्की’. पुढे सगळ्याच वॉटर स्कूटरना लोक तेच नाव वापरू लागले, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

असो. भाऊ बसला, जॅकेटचे पट्टे आवळले, दादाने त्याच्या हाती हँडल दिलं. सरळ जाईपर्यंत महाराज खुश. मग समोर एक बोये आला. घाबरून त्याने थ्रॉटल पूर्ण सोडलं आणि हँडल जोरात वळवलं. मशीन वळलीच नाही! ती सरळ बोयेकडेच सरकत राहिली. मागच्या दादाने हात पुढे घालून थ्रॉटल दिलं, तेव्हा कुठे वळली. काठावर उभ्या असलेल्या माझ्या पोटात मात्र गोळा आला होता.

असं का झालं?

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो की सुकाणू नसतं. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर ते जोराने मागच्या नळीतून फेकतो. हँडल वळवलं की ती नळी वळते. म्हणजे पाणी फेकलं जात असेल तरच मशीन वळते. थ्रॉटल सोडलं की वळण्याची ताकदही गेली. रस्त्यावर भीती वाटली की आपण एक्सलरेटर सोडतो. इथे वळून धोका टाळायचा तर नेमकं उलट, थोडं थ्रॉटल ठेवूनच वळायचं. हे डोक्याला पटतं, हाताला पटायला वेळ लागतो.

आणि पाण्याखालच्या बुडीचं सगळं गणित याच थ्रॉटलवर आहे. मशीनचं पोट हवेने भरलेलं, म्हणून तिला तरंगायचंच असतं. तिला खाली न्यायचं म्हणजे आधी नाक वर उचलायचं किंवा एखादी लाट गाठायची, मग थ्रॉटल क्षणभर सोडून, गुडघ्यात वाकून, शरीराचं वजन हँडलवर टाकायचं. नाक पाण्यात शिरलं की लगेच थ्रॉटल. आता तोच झोत मशीनला खाली ढकलतो. अंग दांड्याला चिकटवून ठेवायचं, नाहीतर पाणी हात सोडवतं. नंतर वजन मागे घेतलं की तरंगण्याचा जोर तिला वर फेकतो. इंजिनाला आतल्या हवेवर जेमतेम काही क्षण काढता येतात, म्हणून झाकण घट्ट बंद हवं आणि आत शिरलेलं पाणी उपसणारा पंप चालू हवा. या बुडीला ‘सबमरीन’ म्हणतात.

हे सगळं दोन सेकंदांत. त्याआधी मात्र नुसतं उभं राहायला शिकायचं. सुरुवातीला पोटावर, मग गुडघ्यांवर आणि वेग आला की पायांवर, कारण थांबलेली उभी जेट स्की डुगडुगते. शिकणारा पुन्हा पुन्हा पडतो. पडल्यावर मनगटाला बांधलेली दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. ही दोरी न लावता चालवणाऱ्याला मी तरी शूर म्हणणार नाही. उलटी झालेली मशीनही मनाला येईल त्या बाजूने सरळ करायची नसते. मागच्या स्टिकरवर बाण असतो, त्याच दिशेने फिरवायची, नाहीतर इंजिनात पाणी जाऊ शकतं.

आईसाठी विचारून घेतलेल्या गोष्टी

मागच्या झोताची ताकद इतकी असते की त्याच्यासमोर पडल्यास शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते. म्हणून जाड वेटसूटची पँट लागते, साधी बर्म्युडा चालत नाही. मोकळे केस, ओढणी, लोंबते पट्टे तळाच्या जाळीत ओढले जाऊ शकतात. उथळ पाणी तर नकोच. वाळू आणि दगड पंपात जातात आणि बुडी मारणाऱ्याचं डोकं तळाला लागतं. जलपर्णी असलेल्या तळ्यातही हीच अडचण, वेली इम्पेलरला गुंडाळतात.

पाण्याचं शिक्षण रीतसर घ्यायचं तर गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवर बोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे कोर्स होतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे. स्कूबा वेगळा खेळ, हे मान्य. पण डोक्यावर पाणी असताना न घाबरणं तिथे शिकता येतं आणि सबमरीनला तेच सगळ्यात आधी लागतं.

परतताना गाडीत भाऊ गप्प होता. रिंग रोडला लागल्यावर म्हणाला, ‘‘ताई, एकटा असतो तर आपटलो असतो ना?’’

मी हो म्हटलं.

आता तो रोज सकाळी सरस्वतीपुरमच्या विद्यापीठाच्या तलावावर जातो. खोल बाजूला, काठ न धरता, जागच्या जागी तरंगायचा सराव चालू आहे. काल सहा मिनिटं झाली. आई पायरीवर डबा घेऊन बसते आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावते. दहा मिनिटं झाल्याशिवाय रीलचा विषय काढायचा नाही, असं दोघांचं ठरलंय.