ना ०, ना १

पाथरीतल्या एखाद्या शाळेत प्रश्नमंजुषेसाठी बझर बसवला आहे असे समजा. दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले, तर पहिला कोण? हे फ्लिप-फ्लॉप हे मंडल ठरवते. त्याच्या स्थिर अवस्था दोनच, ० आणि १. वर्गात आपण एवढेच सांगतो; ते अर्धेच खरे आहे. दोन दऱ्यांमधल्या टेकडीच्या माथ्यावर चेंडू क्षणभर तोलून राहावा, तसे हे मंडलही मध्येच अडकू शकते. व्होल्टता धड वर नाही, धड खाली नाही. ही मेटास्टेबल अवस्था. ती किती वेळ टिकेल, हे आधी सांगता येत नाही.

संगणकातही तेच. कळ दाबणारा काही क्लॉकचे ठोके मोजून दाबत नाही. अमेरिकेतील चेनी व मोल्नार यांनी १९७३ मध्ये या अडचणीचे पुरावे प्रसिद्ध केले. मंडल कितीही चांगले बांधा, ती पूर्णपणे टळत नाही. उपाय म्हणजे थांबणे: जितके थांबावे, तितकी अडकून राहण्याची शक्यता पटीपटीने घटते. म्हणून बाहेरून येणारा संकेत एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेतात. पहिला अडखळला तरी सावरायला त्याला क्लॉकचा एक फेरा मिळतो. क्लॉक वेगवान केला की हा फेराच आखडतो. तेव्हा कधीकधी तिसराही लावावा लागतो.